डावा सहा, उजवा चार

जावयाने सासूबद्दल लिहायला बसू नये, असं माझ्या बायकोचं मत आहे. चांगलं लिहिलं तर लोकांना वाटतं काहीतरी पदरात पाडून घ्यायचं असेल, वाईट लिहिलं तर घरात जेवणाचे वांधे. पण सासूबाईंच्या पायांची गोष्ट मलाच सांगायला हवी, कारण त्या गोष्टीत सगळ्यात जोरात तोंडावर आपटलो तो मी.

सासूबाई आमच्याबरोबरच राहतात आणि बुटांच्या दुकानात काम करतात. एकतीस वर्षं तेच दुकान, तेच बुटकं स्टूल. गिऱ्हाईक समोरच्या खुर्चीत बसतं, सासूबाई त्याचा पाय उचलून लोखंडी मापपट्टीवर ठेवतात, आणि गिऱ्हाईक "पाच, पाच" म्हणत असताना साडेपाचचं खोकं काढून आणतात. "स्वतःच्या पायाबद्दल सगळे खोटं बोलतात," त्या म्हणतात. "बायका कमी सांगतात, पुरुष जास्त." लग्नाचं बोलायला मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. दाराशी काढलेले माझे बूट उलटे करून पाहिले आणि मुलीला म्हणाल्या, "टाच बाहेरून झिजवतो. आळशी नाही, पण हेकट आहे." लग्न झालं, पण तो शेरा अजून खोडलेला नाही.

आता या बाईंचे स्वतःचे पाय दोन नंबरांचे. डावा सहा, उजवा चार. जन्मापासून तसेच. दोन जोड विकत घेऊन त्यातले दोन बूट फुकट घालवायचे, नाहीतर सहाचा जोड घेऊन उजव्यात कापूस कोंबायचा, एवढेच दोन रस्ते होते. सासूबाईंनी कापूस धरला. दिवसभर उभं राहून संध्याकाळी उजवा गुडघा टम्म सुजायचा, पण दुकानात त्या चकार शब्द काढायच्या नाहीत. जिला स्वतःच्या पायाला जोड मिळत नाही तिच्याकडून बूट कोण घेईल, ही त्यांची धास्ती. मालकालाही दहा वर्षं पत्ता नव्हता.

माझं काम विमा कंपनीत. कोणाच्या गोदामाला आग लागते, कोणाच्या टीव्हीवर नळ फुटतो, लोक दावे टाकतात आणि मी ते तपासतो. समोरचा खोटं बोलतोय असं धरून चालायचं, आणि पुरावा फारच आडवा आला तर नाइलाजाने खरं मानायचं, यासाठी मला पगार मिळतो. घरीही मी तसाच आहे, असं बायको म्हणते. तिच्याकडे पुरावा नाही.

सात वर्षांपूर्वी बायकोने आईला फोन घेऊन दिला. तीन महिन्यांत सासूबाईंनी त्यावर एक ग्रुप शोधून काढला: ज्यांचे दोन पाय दोन नंबरांचे आहेत अशा लोकांचा. मला वाटलं कोणीतरी थट्टा करतंय. पाहिलं तर हजारावर माणसं. तिथे कोणी नाव सांगत नाही, नंबर सांगतं. आधी डावा, मग उजवा. सात-नऊ, पाच-चार, एक बिचारा अकरा-सात. जो तो आपल्या बरोब्बर उलट माणूस शोधत असतो. सासूबाई सहा-चार, त्यांना हवी होती चार-सहा. ती मिळाली की काम सोपं. ही सहाचा जोड घेणार, डावा ठेवणार, उजवा तिला पाठवणार. ती त्याच बनावटीचा चारचा जोड घेणार, डावा ठेवणार, उजवा हिला पाठवणार. दोघींना एकेक मापाचा जोड, वाया काही नाही.

चार-सहा मिळाली. कुठेतरी चौदाशे किलोमीटरवर, एका मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करणारी बाई. लगेच तिढा पडला तो आधी कोणी पाठवायचं याचा. महिनाभर दोघी "तुम्ही पाठवा, मग मी पाठवते" यावर अडून बसल्या. मी म्हणालो, "आई, ओळखपत्राचा फोटो मागवा. चेहऱ्याचा मागवा. त्या दिवसाचं वर्तमानपत्र हातात धरून."

"चेहरा घेऊन काय करू? बूट काय तोंडावर घालणार आहे ती?" सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी तिच्याकडून पाय मागवला. म्हणजे कागदावर पाऊल ठेवून भोवती पेन्सिलीने काढलेली रेघ. ती टपालाने आली. सासूबाईंनी चष्मा लावून ती पाहिली, मापपट्टी लावली आणि जाहीर केलं, "चार आणि सहाच आहे. दिवसभर उभी असते. उजव्या करंगळीला भोवरी आहे, रेघ तिथे बाहेर गेलीय. आणि रेघ हिने स्वतः वाकून काढलीय, टाचेशी बघा कशी हललीय. काढून द्यायला घरात कोणी नाही."

"हे सगळं खोटंही काढता येतं," मी म्हणालो.

"भोवरी कोण खोटी काढेल, जावईबापू?"

तरीही आधी पाठवायची तयारी कोणाचीच नव्हती. शेवटी ठरलं की दोघींनी एकाच वेळी आपापल्या गावातल्या कुरियरच्या खिडकीशी उभं राहायचं आणि फोनवर बोलत बोलत खोकं आत सरकवायचं. मी सोबत होतो. "सरकवलं?" "तू सरकवलंस?" "अर्धं." "मग मीपण अर्धं." मागे रांग लागली, खिडकीतल्या माणसाने खोक्याचं उरलेलं अर्धं धरून ओढलं, आणि व्यवहार पार पडला. चार दिवसांनी उजवा चार घरी आला. सासूबाईंनी दोन्ही बूट घातले आणि स्वयंपाकघरापासून दारापर्यंत सहा चकरा मारल्या. मग कापसाचं पुडकं कचऱ्यात टाकलं.

तिथून पुढे दर चार महिन्यांनी एक खोकं जायचं, एक यायचं. रंगावरून भांडणं व्हायची, कारण चार-सहाला चमकणारं आवडायचं आणि सासूबाईंच्या मते चमक म्हणजे वाईट चामडं लपवायची सोय. मग एकदा हिच्या पसंतीचा, एकदा तिच्या, असं ठरलं. बुटाचा आकार राहावा म्हणून चवड्यात कागदाचे बोळे भरतात, त्या बोळ्यांत चिठ्ठ्या यायला लागल्या. चार-सहाचे बोळे धुलाईघरातल्या पिवळ्या पावत्यांचे असायचे, त्यांना साबणाचा वास असायचा. पुढे दर रविवारी दुपारी फोन. त्या फोनवर सासूबाई जे बोलायच्या ते आम्हाला कधीच ऐकायला मिळालं नाही. दार लावून घ्यायच्या. सासरे गेले तेव्हा आमच्यासमोर त्या रडल्या नाहीत. आतून तासभर कोणाला तरी काही सांगत होत्या एवढं कळलं. माझ्याबद्दलही बोलणं होत असणार, कारण एकदा चार-सहाने माझ्यासाठी निरोप पाठवला होता की टाचेखाली आतून पातळ पट्टी लावून बघा.

सात वर्षं मी म्हणत होतो, ही बाई कधीतरी गंडवणार. आणि मग ती सापडली.

सापडली कशी, तर सासूबाईंच्या चुकीने. दुकानात काचेआड नेहमी एकच बूट असतो, तोही उजवा. डावा खोक्यात, खोकं वर माळ्यावर. एकट्या बुटाला चोर हात लावत नाही. नवा माल आला की सासूबाईंचे हात न विचारता चालतात: खोकं उघड, उजवा काचेआड, डावा आत, झाकण, चिकटपट्टी. त्या शनिवारी चाळीस नवे जोड आले. चार-सहाला पाठवायचं खोकं काउंटरखालीच होतं. हातांनी त्याचंही तेच केलं. उजवा काचेआड गेला आणि डावा सहा, वर पत्ता चिकटवून, चौदाशे किलोमीटर. आपला डावा आपण घरी नेऊन कपाटात ठेवलाय, असं सासूबाई खुशाल समजून चालल्या होत्या.

गुरुवारी चार-सहाचा निरोप आला: "मिळाला. मस्त बसला. नेहमीसारखा."

सोमवारी एका बाईंना काचेआडचा एक तपकिरी बूट आवडला. "याचा जोड दाखवा." जोड मिळेना. दोन विक्रेते माळ्यावर, मालक स्वतः शिडीवर, चाळीस मिनिटं खोक्यांची उलथापालथ. सासूबाईही शोधत होत्या. मग त्यांचं लक्ष नाड्यांकडे गेलं. कंपनीच्या नाड्या त्यांना आवडत नाहीत, आपल्या बुटांना त्या जाड नाड्या ओवतात. बूट त्यांचाच होता. त्या स्टुलावर बसल्या, आणि बसल्या बसल्याच त्यांच्या डोक्यात दुसरी गोष्ट शिरली. डावा बूट तिच्या उजव्या पायात मस्त बसला कसा?

संध्याकाळी तो बूट जेवणाच्या टेबलावर होता. मला झालेला आनंद मी लपवला नाही. मी त्यावर चिठ्ठी चिकटवली: पुरावा क्रमांक एक. मग तो फ्रिजवर ठेवला आणि तर्क लढवायला बसलो. ती बूट विकत असेल. पण सहा नंबरचा एकटा उजवा बूट घेणारा माणूस कोण, हे शोधण्यात माझा अख्खा आठवडा गेला. ती बाईच नसेल. तिला पायच नसतील, असंही एकदा मी गमतीत म्हणालो. ते वाक्य मला आता आठवतं तेव्हा जीभ छाटून टाकावीशी वाटते.

सासूबाई आठवडाभर नेहमीसारख्या वागल्या. दुकानात जायच्या, यायच्या, जेवायच्या. रविवारी फोन वाजला तो त्यांनी उचलला नाही. मी कंपनीच्या भाषेत एक नोटीस लिहून दिली, "सदर विसंगतीबाबत खुलासा करावा" वगैरे. त्यांनी ती वाचली, घडी घातली आणि माझ्या खिशात परत ठेवली.

"बूट गेला तर गेला, जावईबापू," त्या म्हणाल्या. "पण ही जर खोटी असेल, तर मी सात वर्षं रविवारी कोणाशी बोलत होते? तुम्हा कोणाला नाही सांगितलं ते सगळं तिला सांगितलंय मी. ते आता परत कसं मागवू?"

विम्यात असा दावा येत नाही.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा घेताना त्यांनी एका बोटाने टाइप केलं: "मी चुकून डावा पाठवला होता. तुझ्या उजव्या पायात तो कसा बसला ते सांग." दोन दिवस काहीच आलं नाही. मी फ्रिजवरच्या बुटाकडे बघून मान डोलवायचो. तिसऱ्या दिवशी फोन वाजला. सासूबाई पीठ मळत होत्या, हात भरलेले, म्हणून त्यांनी मला तो स्पीकरवर लावायला सांगितला. इतक्या वर्षांत मी तिचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकला. जाडाभरडा, घाईचा.

"खोकं मी उघडलंच नाही गं," ती म्हणाली. "त्याच्या आधीची दोनपण नाही उघडली. उजवा पाय काढला माझा. अकरा महिने झाले. साखर होती, जखम भरेना. घोट्याच्या वरून काढला."

सासूबाईंचे हात पिठात तसेच राहिले. मला वाटलं त्या म्हणतील, अरेरे. त्यांनी विचारलं, "बूट चावला होता का?"

"काय?"

"माझा बूट. करंगळीशी चावला होता का? भोवरी होती तुला तिथे. खरं सांग."

"नाही गं बाई. खिळा लागला. धुलाईघराच्या मागच्या अंगणात. अनवाणी होते."

"अनवाणी?" सासूबाईंचा आवाज चढला. "कपाटभर जोड घरात, सात वर्षं मी तुला उजवे बूट पाठवतेय, आणि तू खिळ्यांवर अनवाणी फिरतेस? तुला अक्कल आहे का?" एवढं बोलून त्यांनी ओल्या पिठाचे हात डोळ्यांना लावले, आणि पुढचा सगळा फोन त्या पांढऱ्या भुवयांनी बोलल्या.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू दुसरी चार-सहा शोधली असतीस."

"का शोधेन?"

"मला आता तुझा बूट लागत नाही. नुसता घ्यायला तुला संकोच वाटला असता. मग बूट थांबले असते, मग फोन थांबले असते. काम सुटलं, पाय गेला, रविवारही गेला असता. म्हणून मी आपला जोड घेत राहिले आणि तुझा उजवा पाठवत राहिले."

मला एकदम पिवळ्या पावत्या आठवल्या. गेले वर्षभर तिच्या बुटांतून नुसत्या वर्तमानपत्राचे बोळे येत होते. तीन वेळा. साबणाचा वास नाही. जळालेल्या गोदामातल्या राखेवरून मी माणसाचं खोटं ओळखतो, आणि हे माझ्याच घरात कचऱ्याच्या डब्यात जात होतं. मला लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

"खोटा पाय मिळणार आहे का?" सासूबाईंनी विचारलं.

"पुढच्या महिन्यात माप घेणार आहेत."

सासूबाईंनी हातावरचं पीठ खरवडून काढलं. मग सावकाश म्हणाल्या, "नीट ऐक. माप द्यायला जाशील तेव्हा सांग, डाव्यासारखाच कर, चारचा. मग दुकानात जा, खुर्चीत बस, चारचा जोड माग आणि घालून बाहेर पड. कोणाला काही विचारायचं नाही, पाठवायचं नाही, वाट बघायची नाही. एकतीस वर्षं मी लोकांना तसं बाहेर पडताना बघतेय. तू सुटलीस."

"आणि तुझं काय?"

"माझं मी बघेन," सासूबाई म्हणाल्या आणि फोन बंद करायला मला खूण केली.

त्यांनी काही बघितलं नाही. ग्रुपवर दुसरी चार-सहा होती, मीच शोधून काढली होती, प्रायश्चित्त म्हणून. सासूबाईंनी तिचा नंबर घेतला नाही. "तिचं पाऊल मला माहीत नाही," म्हणाल्या. रविवारचे फोन चालू राहिले, पण दार लावणं बंद झालं, आणि बोलणं दहा मिनिटांत संपायला लागलं. चार-सहाला पायाच्या मापाबद्दल विचारलं की ती विषय बदलायची. जुने जोड झिजले. एका सकाळी सासूबाई बायकोकडे कापूस मागताना मी ऐकलं.

मग दोन महिन्यांनी खोकं आलं. आत उजवा चार, भडक, चमकणारा, म्हणजे पाळी तिच्या पसंतीची होती. चवड्यात कागदाचा बोळा. सासूबाईंनी तो उलगडला. त्यावर पेन्सिलीने काढलेलं पाऊल होतं, उजवं. रेघ कुठेही हललेली नव्हती, करंगळीशी बाहेर गेलेली नव्हती. भोवरी नसलेला, कधी न चाललेला पाय. सासूबाईंनी मापपट्टी आणली आणि कागदावर ठेवली. पुन्हा ठेवली. तिसऱ्यांदा ठेवताना कागद मी धरला.

सहा.

त्यांनी मला फोन लावायला सांगितला. पलीकडून "हॅलो" यायच्या आत त्या ओरडल्या, "मूर्ख बाई, सहाचा करून घेतलास?"

"पाय बनवणाराही हेच म्हणाला," चार-सहा म्हणाली. "दोन दिवस वाद घातला त्याने. दोन्ही सारखे ठेवा, लोक त्यासाठी धडपडतात. मी म्हटलं, मला सारख्यावर उभं राहायची सवय नाही, मी पडेन. आणि घरात नवेकोरे बूट पडलेत त्यांचं काय करू? काल खोकी उघडली. दोन उजवे आहेत आणि एक तुझा तो डावा. तो उद्या कुरियरला देते. माझा उजवा कुठे आहे?"

सासऱ्यांच्या वेळी आमच्यासमोर न रडलेली ही बाई जेवणाच्या टेबलाशी मापपट्टी छातीशी धरून रडली, आणि कोणी बघतंय याची तिला पर्वा नव्हती. म्हणून उत्तर मी दिलं.

"फ्रिजवर आहे," मी म्हणालो. "जरा धूळ बसलीय."

"तुम्ही जावई का? टाचेला पट्टी लावली का?"

"नाही लावली."

"हेकट," ती म्हणाली.

मी बूट खाली काढला, पुराव्याची चिठ्ठी सोलली, फडक्याने धूळ पुसली. सासूबाईंनी पिशवीतून जाड नाडीचा नवा जोड काढला आणि जुनीच्या जागी त्यातली एक नाडी ओवून दिली. खोकं बंद करायच्या आधी त्यांनी ते माझ्यापुढे सरकवलं आणि नाक पुसत म्हणाल्या, "तपासा. उजवाच आहे ना, नीट बघा. माझ्या हातांवर आता माझा विश्वास नाही."

मी बुटात हात घालून पाहिलं. उजवाच होता. चिकटपट्टी लावून कुरियरच्या खिडकीशी मीच गेलो, आणि खोकं एकाच दमात आत सरकवलं.